एल्मायराचा अर्नी डेव्हिस

अमेरिकेतील लहान गावांत शालेय फुटबॉलचा सामना हा साऱ्या गावाचा उत्सव असतो. अंडाकृती चेंडू हातात घेऊन प्रतिस्पर्ध्यांची फळी भेदत धावण्याचा हा खेळ आपल्याकडील फुटबॉलहून सर्वस्वी निराळा. शाळेत चमकलेल्या बहुतेक खेळाडूंची नावे पुढे गावापुरतीच उरतात. न्यूयॉर्क राज्यातील एल्मायराचा अर्नी डेव्हिस मात्र त्यास अपवाद ठरला.

१४ डिसेंबर १९३९ रोजी पेनसिल्व्हेनियातील कृष्णवर्णीय कुटुंबात जन्मलेला अर्नी आजी-आजोबांकडे वाढला. बाराव्या वर्षी तो आईकडे एल्मायराला आला. तेथील एल्मायरा फ्री अकॅडमी या शाळेत त्याने फुटबॉल आणि बास्केटबॉल दोन्ही गाजवले. त्याच्या बास्केटबॉल संघाने सलग ५२ सामने जिंकले. अनेक विद्यापीठांनी त्याला बोलावले. त्याने सिरॅक्यूज निवडले. तेथे महान खेळाडू जिम ब्राउनचा ४४ हा क्रमांक त्याच्या पाठीवर आला.

१९५९ च्या हंगामात सिरॅक्यूज राष्ट्रीय विजेता ठरला. १ जानेवारी १९६० रोजी डलासमधील कॉटन बोल सामन्यात त्यांनी टेक्सासला २३-१४ असे हरवले. सर्वोत्कृष्ट खेळाडू डेव्हिसच होता. परंतु पारितोषिक घेताच त्याने समारंभातून निघून जावे, असे वर्णभेदाच्या नियमाने बजावण्यात आले. पुढे १९६१ मध्ये महाविद्यालयीन फुटबॉलमधील सर्वोच्च हाइजमन करंडक जिंकणारा तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी त्याची न्यूयॉर्कमध्ये भेट घेतली.

व्यावसायिक संघांच्या निवडीत वॉशिंग्टनने त्याला पहिली पसंती दिली आणि लगेच क्लीव्हलँड ब्राउन्सकडे सोपवले. आता ब्राउन आणि डेव्हिस एकाच संघात खेळणार होते. मात्र १९६२ च्या उन्हाळ्यात त्याला रक्ताचा कर्करोग असल्याचे निष्पन्न झाले. १८ मे १९६३ रोजी, वयाच्या अवघ्या २३ व्या वर्षी, त्याचे निधन झाले. व्यावसायिक सामना तो एकही खेळला नाही. तरीही क्लीव्हलँडने त्याचा ४५ हा क्रमांक कायमचा निवृत्त केला.

एल्मायरात एका शाळेला त्याचे नाव देण्यात आले. त्याचा पुतळाही उभारण्यात आला. त्याची सारी कीर्ती शाळेच्या आणि महाविद्यालयाच्या मैदानांवरची. तेवढ्या बळावर एका गावाने आपला मुलगा आजवर जपला आहे.