कुलाब्याचे सरखेल कान्होजी आंग्रे

सुट्टीचे दिवस आले म्हणजे आमच्या नवी मुंबईंतील पुष्कळ कुटुंबें अलिबाग, किहीम, नागांव इत्यादि समुद्रतीरावरील गांवांस सहलीसाठीं जातात. पनवेल मागें टाकून कर्नाळा किल्ल्याच्या पायथ्यावरून पेण, पेणेहून वडखळ व तेथून पश्चिमेस वळून पोयनाडवरून अलिबाग, असा हा रम्य मार्ग आहे. हा सारा मुलूख जुन्या कुलाबा जिल्ह्याचा. इ. स. १९८१ मध्यें या जिल्ह्यास रायगड हें नांव मिळालें. आणि आमच्या शहराचा पनवेल व उरण या तालुक्यांतील भाग याच जिल्ह्यांत मोडतो. तेव्हां कुलाब्याचा इतिहास आम्हांस परका नाहीं, घरचाच आहे. परंतु वाळूंत खेळून, शहाळ्याचें पाणी पिऊन व समुद्रांतील किल्ल्याकडे दुरूनच एक दृष्टि टाकून परतणाऱ्या मंडळींपैकीं कितीजणांस त्या किल्ल्याच्या धन्याची ओळख असते? ज्या पुरुषास शत्रूंनीं चांचा म्हणून हिणविलें व स्वकीयांनीं सरखेल म्हणून गौरविलें, त्या कान्होजी आंग्रे यांचें चरित्र त्यांच्याच कर्तृत्वाच्या स्थळांवरून वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आंग्रे घराण्याचें मूळ आडनांव संकपाळ. पुणें प्रांतांतील आंगरवाडी या गांवावरून त्यांस आंग्रे हें नांव पडलें. कान्होजींचा जन्म इ. स. १६६९ च्या सुमाराचा. त्यांचे वडील तुकोजी हे छत्रपति शिवाजी महाराजांच्या पदरीं होते. कान्होजींचें बाळपण कुलाब्याच्या दक्षिणेस, रत्नागिरी जिल्ह्यांतील हर्णै व त्यासमोरील सुवर्णदुर्ग या परिसरांत गेलें. सुवर्णदुर्गास सिद्दीचा वेढा पडला असतां किल्लेदार फितूर होण्याच्या बेतांत होता. तेव्हां तरुण कान्होजींनीं पुढाकार घेऊन किल्ला राखिला, अशी कथा परंपरेनें चालत आली आहे. तो काळ मोठा कठीण होता. इ. स. १६८९ मध्यें संभाजी महाराजांचा वध झाला, त्याच वर्षीं रायगड मोंगलांच्या हातीं गेला, आणि राजाराम महाराजांस दूर जिंजीस आश्रय घ्यावा लागला. राजधानी गेली, राजा परमुलखांत. अशा समयीं कोंकणचा किनारा ज्या थोड्या पुरुषांनीं सांभाळिला त्यांत कान्होजी अग्रगण्य ठरले. या सेवेचें फळ म्हणून पुढें त्यांस मराठी आरमाराचें आधिपत्य, म्हणजेच सरखेलपद, प्राप्त झालें.

त्यांचें मुख्य ठाणें जो कुलाबा किल्ला, तो अलिबागच्या किनाऱ्यासमोर खडकावर उभा आहे. त्याचें बांधकाम शिवाजी महाराजांच्या आज्ञेनें इ. स. १६८० मध्यें सुरू झालें व संभाजी महाराजांच्या कारकीर्दींत पूर्णत्वास गेलें. ओहोटीच्या वेळीं येथें पायीं चालत जातां येतें; भरतीच्या वेळीं मात्र चोहोंकडे समुद्र असतो. तटाच्या बांधणींत एक मौज पाहण्यासारखी आहे. मोठमोठे दगड चुन्यावांचून नुसते एकावर एक रचलेले आहेत. लाट आदळली म्हणजे तिचें पाणी दगडांच्या फटींतून आंत शिरतें, लाटेचा जोर मोडतो आणि भिंतीस धक्का कमी बसतो. तटाच्या आंत गोड्या पाण्याचें तळें आहे. चारी बाजूंस खारें पाणी असतां मध्यें गोड्या पाण्याचा सांठा, हेंच अशा किल्ल्याचें खरें बळ. कारण त्यावांचून वेढ्यांत सांपडलेली शिबंदी टिकाव धरूं शकत नाहीं.

कान्होजींच्या आरमारांत मुख्यत्वें गुराबा व गलबतें असत. हीं जहाजें युरोपीय जहाजांच्या मानानें लहान व उथळ तळाचीं होतीं. वारा पडला म्हणजे शिडांचीं अवजड जहाजें जागच्या जागीं खिळून राहत. गलबतें मात्र वल्ह्यांच्या साहाय्यानें चपळाईनें चालत, शत्रूच्या पिछाडीस जाऊन मारा करीत, आणि संकट दिसतांच खाडीच्या उथळ पाण्यांत शिरून दिसेनाशीं होत. त्यांवर किनाऱ्याच्या खडकांची व प्रवाहांची खडान्‌खडा माहिती असलेले कोळी व भंडारी खलाशी असत. कांहीं युरोपीय लोकहि कान्होजींच्या चाकरीस होते.

या किनाऱ्यानें जाणाऱ्या व्यापारी जहाजांनीं आपलें दस्तक घ्यावें, त्याचा कर भरावा, आणि जें जहाज दस्तकावांचून जाईल तें धरलें जाईल, असा कान्होजींचा नियम होता. इंग्रजांनीं यास चांचेगिरी म्हटलें. परंतु पोर्तुगीझांनीं सोळाव्या शतकापासून याच समुद्रावर कार्ताझ नांवाचा परवाना चालविला होता, व तो नसलेलीं जहाजें ते खुशाल जप्त करीत. इंग्रजहि आपले परवाने देत असत. म्हणजे जें कृत्य परकीयांनीं केलें असतां कायदा ठरे, तेंच या भूमीच्या पुत्रानें केलें असतां लूट ठरे. यांत कान्होजींचें सर्वच वर्तन निर्दोष होतें असें आमचें म्हणणें नाहीं. त्यांनीं व्यापाऱ्यांचीं जहाजें धरलीं, माल घेतला, कैद्यांच्या सुटकेसाठीं द्रव्यहि घेतलें. इ. स. १७१२ मध्यें त्यांच्या आरमारानें मुंबईच्या इंग्रज गव्हर्नराची नौका पकडली. त्या झटापटींत कारवारच्या वखारीचा प्रमुख मारला गेला, व त्याची पत्नी कैद झाली. पुढील वर्षीं तीस हजार रुपये घेऊन तिची मुक्तता करण्यांत आली. त्या अबलेचें दुःख कोणाहि सहृदय वाचकास जाणवेल. मात्र त्या काळीं समुद्रावर सर्वच सत्तांचा व्यवहार असा कठोर होता, हें ध्यानीं ठेवून निवाडा केला पाहिजे.

कान्होजी केवळ आपल्यापुरते पाहणारे असते तर इ. स. १७१३ हें वर्ष त्यांस मोठ्या संधीचें होतें. शाहू महाराज व ताराबाई यांच्या कलहांत ते ताराबाईंच्या पक्षास होते. शाहू महाराजांनीं त्यांच्यावर पाठविलेले पेशवे बहिरोपंत पिंगळे यांसच त्यांनीं कैद केलें, व घाटावरील लोहगडहि घेतला. तेव्हां बाळाजी विश्वनाथ यांची पेशवेपदीं योजना होऊन ते कान्होजींच्या भेटीस आले. दोघांचा पूर्वीचा परिचय होता. शस्त्रापेक्षां समजुतीनें काम झालें, आणि इ. स. १७१४ मध्यें लोणावळ्याच्या परिसरांत तह ठरला. कान्होजींनीं पेशव्यांस मुक्त करून शाहू महाराजांचें स्वामित्व मान्य केलें. महाराजांनीं त्यांचें सरखेलपद व किनाऱ्यावरील किल्ले कायम केले. विजयी असतां तलवार म्यान करणें हें पराक्रमाहूनहि दुर्मिळ होय.

घरचा कलह मिटतांच कान्होजींस समुद्राकडे पूर्ण लक्ष देतां आलें. मुंबईचा गव्हर्नर चार्लस बून यानें इ. स. १७१७ मध्यें विजयदुर्गावर आरमार पाठविलें. तें हात हालवीत परत आलें. दुसऱ्या वर्षीं त्यानें खांदेरीवर स्वारी केली. अलिबागच्या उत्तरेस थळ या गांवाच्या किनाऱ्यावर उभें राहिलें असतां खांदेरी व उंदेरी हीं दोन्ही बेटें समोर दिसतात. मुंबई बंदराच्या तोंडाशींच असलेली खांदेरी इ. स. १६७९ मध्यें इंग्रजांचा विरोध मोडून शिवाजी महाराजांनीं बळकट केली होती. त्यांच्या सरखेलानें ती इ. स. १७१८ मध्येंहि राखिली. आज तेथें इ. स. १८६७ मध्यें बांधलेलें दीपगृह आहे.

यानंतर इ. स. १७२१ मध्यें खरी कसोटी लागली. इंग्रज व पोर्तुगीझ या दोन सत्ता एकत्र झाल्या. इंग्लंडच्या राजाचीं युद्धनौका घेऊन कमोडोर मॅथ्यूज आला. गोव्याचा व्हाइसरॉय स्वतः चौल येथें दाखल झाला. सुमारें सहा हजार लोक व तोफखाना घेऊन त्यांनीं वर्षाच्या अखेरीस अलिबागेवर चाल केली. परंतु शिड्या लावून चढूं पाहणाऱ्यांस आंग्र्यांच्या लोकांनीं मागें लोटलें, आणि घाटावरून बाजीराव पेशव्यांचें घोडदळ साह्यास धांवून आलें. दोघां मित्रांनीं अपयशाचा दोष एकमेकांवर ढकलला. पोर्तुगीझांनीं जानेवारी १७२२ मध्यें मराठ्यांशीं निराळा तह केला, व इंग्रज रित्या हातीं मुंबईस गेले. आज अलिबागच्या ज्या वाळूवर मुलें किल्ले करितात, तेथेंच हा प्रसंग घडला.

पुढील वर्षें कान्होजींनीं आपल्या प्रांताच्या व्यवस्थेंत घालविलीं. अलिबागेंत त्यांनीं बांधलेला हिराकोट अद्यापि उभा आहे. इ. स. १७२९ च्या ४ जुलै रोजीं त्यांचें देहावसान झालें. त्यांची दगडी समाधि अलिबाग शहरांतच आहे. समुद्रस्नानास जाणाऱ्या मंडळींनीं तेथें घटकाभर थांबावें, अशी आमची सूचना आहे.

कान्होजींस इंग्रज जिंकूं शकले नाहींत. परंतु त्यांच्या पुत्रांतील भाऊबंदकीनें तें काम सोपें केलें. ज्येष्ठ पुत्र सेखोजी अल्पकाळांत वारले. त्यानंतर संभाजी व मानाजी यांच्यांत वैर पडून आंग्र्यांची दौलत दुभंगली. पुढें तुळाजी व पेशवे यांचें बिनसलें, आणि इ. स. १७५६ मध्यें पेशव्यांच्याच संमतीनें इंग्रजांनीं विजयदुर्गावर हल्ला करून मराठ्यांचें तें आरमार जाळून टाकिलें. स्वतःच्याच हातानें स्वतःचें समुद्रावरील कवच फेडण्याचा हा प्रकार होता. कुलाब्याची शाखा मात्र टिकली. इ. स. १७५९ मध्यें राघोजी आंग्रे यांनीं किल्ल्यांत बांधलेलें गणपतीचें मंदिर आजहि भाविकांस बोलावितें. अखेर इ. स. १८४० मध्यें इंग्रजांनीं हें संस्थान खालसा केलें. किल्ल्याच्या उत्तर तटावरील चाकांच्या तोफा आंग्र्यांच्या आहेत अशी कित्येकांची समजूत होते. परंतु त्यांवर इंग्लंडांतील यॉर्कशायर परगण्याच्या लो मूर कारखान्याचें नांव व १८४९ हें साल कोरलेलें आहे. त्या तोफा आंग्र्यांच्या वैभवाच्या नसून त्यांच्या अस्ताच्या साक्षी होत.

काळाचा न्याय विलक्षण असतो. ज्या मुंबईच्या कोटांतून कान्होजींवर आरमारें पाठविण्याचे हुकूम सुटले, त्या कोटाचे अवशेष आज भारतीय नौदलाच्या ज्या ठाण्यांत आहेत, त्यास इ. स. १९५१ पासून आंग्रे हेंच नांव आहे. इ. स. २०२५ मध्यें युनेस्कोनें मराठ्यांच्या बारा किल्ल्यांस जागतिक वारशाचा मान दिला. त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग व विजयदुर्ग हीं तिन्ही स्थळें आहेत.

विद्यार्थिमित्रहो, पुढील सुट्टींत आपण अलिबागेस जाल तेव्हां पावसाळा टाळावा, ओहोटीची वेळ आधीं विचारून घ्यावी, व वडील मंडळींसह किल्ला, हिराकोट, समाधि आणि थळचा किनारा हीं चारहि स्थळें पाहावीं. एखाद्या पुरुषास शत्रूनें काय नांव दिलें एवढ्यावरच त्याची योग्यता ठरवूं नये; त्यानें काय राखिलें, कोणाशीं समेट केला व मागें काय ठेविलें, हें पाहावें. कान्होजींनीं राखिलेला किनारा आमच्या दाराशीं आहे. तो डोळे उघडे ठेवून पाहणें हें आमचें कर्तव्य होय.