दाढ कुठवर कोरायची?

डेंटलला असलेल्या मित्राला किंवा मैत्रिणीला जी. व्ही. ब्लॅक हे नाव नुसतं ऐकवून बघा. नव्या पारगावच्या कॉलेजात शिकणारा असो की मुंबईच्या, तो लगेच क्लास वन ते क्लास फाइव्ह म्हणून दाखवेल. दाताला कीड कुठे लागलीय, त्यावरून केलेले हे पाच प्रकार. शंभर वर्षं उलटून गेली तरी व्हायव्हात अजून विचारतात. गंमत म्हणजे ज्याची व्याख्या पाठ करून पोरं पास होतात, त्या माणसाने स्वतः डेंटल कॉलेजची पायरीही चढलेली नव्हती.

ग्रीन वर्डिमन ब्लॅक यांचा जन्म 3 ऑगस्ट 1836 चा, अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात, विंचेस्टर गावाजवळच्या शेतकरी घरात. शाळेत ते फारसे रमले नाहीत, रानात भटकायचे. सतरा वर्षांचे झाल्यावर डॉक्टर भावाकडे गेले आणि त्याच्या हाताखाली वैद्यकी शिकू लागले. 1857 मध्ये एका दातांच्या डॉक्टरकडे काही महिने राहून काम बघितलं आणि थेट विंचेस्टरला स्वतःचा दवाखाना टाकला. तेव्हा हे असंच चालायचं. पुढे अमेरिकेतलं यादवी युद्ध, तिथे टेहळणीचं काम, गुडघ्याला जबर दुखापत, मग जॅक्सनव्हिल गावात पुन्हा दवाखाना.

इथून पुढचे ब्लॅक मला जास्त आवडतात. दवाखाना म्हणजे त्यांची प्रयोगशाळाच होती. शिलाई मशीनसारखं पायाने चालवायचं ड्रिल त्यांनी स्वतः बनवलं. चावताना दाढेवर किती जोर पडतो ते मोजायचं उपकरणही केलं. आपल्याकडे जुनी माणसं दाढेत चांदी भरली म्हणतात ना, ती म्हणजे चांदी, कथील आणि पारा यांचं मिश्रण. त्या काळी ते ज्याच्या त्याच्या अंदाजाने व्हायचं. काही फिलिंग आकसायची, काही फुगायची आणि दाढ गेलीच म्हणून समजा. ब्लॅक यांनी वर्षानुवर्षं मापं घेतली आणि 1895 च्या सुमारास भरवशाचं प्रमाण छापून सगळ्यांना मोकळं करून दिलं. 1897 मध्ये ते शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या डेंटल स्कूलचे डीन झाले. 1908 मध्ये त्यांचा दात भरण्यावरचा दोन खंडांचा ग्रंथ आला.

त्यांचा सगळ्यात गाजलेला नियम 1891 चा. कीड लागली तेवढीच कोरू नका. आजूबाजूच्या ज्या खाचांत उद्या कीड लागू शकते, त्याही आजच कोरून भरा आणि फिलिंगची कड चांगल्या, गुळगुळीत इनॅमलवर आणून ठेवा. इनॅमल म्हणजे दातावरचं पांढरं कठीण कवच. आज हे ऐकून अंगावर काटा येतो, कारण चांगला दातही त्यात जायचा. पण चांदी दाताला चिकटत नाही, तिला धरून ठेवायला खोबणी लागते आणि तेव्हा दुसरं काही हाताशी नव्हतं. ब्लॅक यांना खुशाल जुनाट म्हणा, अडाणी म्हणू नका.

सत्तरी ओलांडलेल्या या माणसापुढे 1909 मध्ये वेगळंच कोडं आलं. कोलोराडो स्प्रिंग्ज गावातला तरुण डॉक्टर फ्रेडरिक मॅके सांगत होता की, इथे जन्मलेल्या बहुतेक मुलांच्या दातांवर तपकिरी डाग आहेत. ब्लॅक स्वतः तिथे गेले, मुलांची तोंडं तपासली, दातांचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. दोष बाहेरून चढलेला नव्हता. दात हिरडीत घडत असतानाच इनॅमल अर्धवट राहिलं होतं. मोठेपणी त्या गावात आलेल्यांना डाग पडत नव्हते. आणखी चक्रावून टाकणारी गोष्ट म्हणजे, हे डागाळलेले दात सहसा किडत नव्हते. का, ते कळायच्या आत 31 ऑगस्ट 1915 ला ब्लॅक वारले. मॅकेंबरोबरचं काम पुढच्या वर्षी छापून आलं. दोष पाण्यातल्या फ्लोराइडचा, हे कळायला 1931 उजाडलं. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यामुळे असे दात आजही दिसतात.

कच्च्या इनॅमलचा आणखी एक प्रकार आहे. त्याला एमआयएच हे नाव मिळालं थेट 2001 मध्ये. सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे येणारी पहिली पक्की दाढ पिवळट, खडूसारखी ठिसूळ उगवते. ती फ्लोराइडवाल्या दातासारखी टिकत नाही, चावतानाच तिचे टवके उडतात. गार पाण्याने ठणका लागतो, म्हणून पोरगं तिथे ब्रश लावू देत नाही आणि कीड वाढत जाते. बरं, ती येताना कुठलाही दात पडत नाही. त्यामुळे घरचे तिला दुधाचीच समजतात, पडेल आणि नवी येईल म्हणून वाट बघत बसतात. ती पुन्हा येत नसते. घरात सहा-सात वर्षांचं भावंड असेल तर आजच टॉर्च मारून बघा.

ही दाढ वाचवणं डॉक्टरलाही सोपं नाही. भूल नीट चढत नाही. आता दाताला चिकटणारं कॉम्पोझिट आहे, त्यामुळे ब्लॅक यांच्याइतकं कोरावं लागत नाही. पण कच्च्या इनॅमलला तेही धड चिकटत नाही. मग दोनच वाटा. एकतर फक्त भुसभुशीत भाग काढायचा, दाढ जास्त राखायची आणि फिलिंग कडेने निघण्याचा धोका घ्यायचा. नाहीतर ब्लॅक यांच्यासारखं चांगलं इनॅमल लागेपर्यंत कोरायचं. मूल फारच लहान असेल तर आधी ग्लास आयोनोमर सिमेंटने दाढ झाकून वेळ काढतात. फारच मोडली असेल तर तयार स्टीलची कॅप बसवतात. तीही टिकणार नसेल तर आठ ते दहा वर्षांच्या दरम्यान दाढ काढून टाकतात, म्हणजे मागची दाढ पुढे सरकून ती जागा घेऊ शकते.