पंगतीबाहेरचा विद्यार्थी : डॉ. मेघनाद साहा

सायंवंदना आटोपली की आपल्या विद्यालयाच्या भोजनगृहात लहानमोठी सारी मुले एका पंगतीत बसतात. कोणाशेजारी कोण बसले, हे कोणी पाहत नाही. आजच्या पालकांना यात सांगण्याजोगे काही वाटणारही नाही. स्मरणिकेसाठी चरित्र लिहावयाचे ठरले, तेव्हा मला मात्र त्या पंगतीकडे पाहूनच एका विद्यार्थ्याची आठवण झाली. कलकत्त्याच्या एका नामांकित वसतिगृहात त्याला इतरांबरोबर जेवू दिले जात नव्हते. पुढे दहा वर्षांच्या आतच त्याने ताऱ्यांच्या प्रकाशाचे कोडे उलगडले.

मेघनाद साहा यांचा जन्म ६ ऑक्टोबर १८९३ रोजी ढाक्याजवळच्या शेवडातली या खेड्यात झाला. वडील जगन्नाथ यांचे किराणा मालाचे छोटे दुकान होते. बंगालच्या जातिव्यवस्थेत त्यांची जात खालची गणली जाई. मूळ नाव मेघनाथ. ते त्यांनी स्वतःच बदलून मेघनाद, म्हणजे रावणपुत्राचे नाव, घेतले असे सांगतात. गावची शाळा संपली तेव्हा पुढची शाळा सुमारे दहा किलोमीटरवर होती. लोणावळ्याहून कार्ल्याला रोज पायी जावे, साधारण तेवढे हे अंतर. तिथल्या एका डॉक्टरांनी त्यांना आसरा दिला. अट अशी की, गाय सांभाळायची आणि आपले ताट आपण घासायचे. थोरला भाऊ तागाच्या गिरणीत राबून दरमहा पाच रुपये पाठवी. आपल्या अनेक माजी विद्यार्थ्यांच्या शिक्षणामागेही असाच एखादा थोरला भाऊ उभा आहे, हे मी जाणतो.

१९०५ साली ढाक्याच्या शाळेत गव्हर्नरांच्या भेटीवर बहिष्कार घातल्यामुळे शाळाही गेली आणि शिष्यवृत्तीही. दुसऱ्या शाळेतून १९०९ मध्ये ते प्रवेशपरीक्षेत पूर्व बंगालात पहिले आले. १९११ मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजात दाखल झाले. सत्येंद्रनाथ बोस त्यांचे वर्गमित्र, तर जगदीशचंद्र बोस आणि प्रफुल्लचंद्र राय त्यांचे गुरू. असे थोर गुरू लाभूनही वसतिगृहात त्यांचे पान वेगळेच वाढले जाई, आणि सरस्वतीपूजेपासून त्यांना दूर ठेवण्यात आले. विद्येच्या देवतेपासून विद्यार्थ्यालाच दूर ठेवण्याची ही रीत होती.

आता त्यांच्या कार्याविषयी. मी इतिहासाचा शिक्षक. अणूची रचना मला विज्ञानाच्या सहकाऱ्यांनी फळ्यावर काढून दाखवली, तशीच मांडतो. अणुकेंद्राभोवती इलेक्ट्रॉनांच्या ठरावीक ऊर्जापातळ्या असतात. त्या कमी ऊर्जेपासून भरत जातात आणि एका पातळीत ठरावीक संख्येहून अधिक इलेक्ट्रॉन मावत नाहीत. चुन्यातला धातू कॅल्शियम घ्या. त्याच्या २० इलेक्ट्रॉनांची मांडणी २, ८, ८, २ अशी असते. तिसऱ्या कवचात १८ मावत असताना चौथे का उघडावे, असे एखादी चुणचुणीत मुलगी दरवर्षी विचारतेच. तिसऱ्यातल्या उरलेल्या जागांपेक्षा चौथ्यातली पहिली पातळी कमी ऊर्जेची पडते, हे त्याचे उत्तर. हे शेवटचे दोन इलेक्ट्रॉन सैल असतात. उष्णतेच्या धक्क्याने इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर चढतो आणि उतरताना ठरावीक रंगाचा प्रकाश सोडतो. वर्णपटातली तेजस्वी रेषा ती हीच. धक्का मोठा असेल तर तो अणू सोडूनच जातो. यालाच आयनीभवन म्हणतात. मागे उरलेल्या आयनाच्या पातळ्या निराळ्या, म्हणून त्याच्या रेषाही निराळ्या.

कोडे येथेच होते. खग्रास ग्रहणात सूर्यबिंबावरच्या विरळ आवरणाचा, म्हणजे वर्णगोलाचा, वर्णपट घेता येतो. आपल्याकडे २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणात पुण्याचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला यांनी सोलापूरच्या रेल्वेमार्गावरील जेऊर येथे तळ ठोकून निरीक्षणे केली होती. अशा निरीक्षणांत आयनीभूत कॅल्शियमच्या रेषा सूर्याच्या पृष्ठापासून फार उंचावर दिसत. वरचे थर अधिक थंड असतील, तर तिथे अणू अधिक कसे फुटावेत?

साहांनी उत्तर शोधले ते दाबात. चुन्याच्या भट्टीत चुनखडी तापली की चुना आणि वायू वेगळे होतात. वायू निघून जाऊ दिला तर चुनखडी अधिक फुटते. अणू आणि इलेक्ट्रॉन यांनाही त्यांनी रसायनशास्त्राचा हाच हिशेब लावला. वायू विरळ असेल तर निसटलेल्या इलेक्ट्रॉनाला परत घेणारा आयन लवकर भेटत नाही, म्हणून उंचावर आयनीभवन वाढते. तापमान, दाब आणि इलेक्ट्रॉन सोडवायला लागणारी ऊर्जा ही तिन्ही एका सूत्रात आली. ती ऊर्जा सोडियमला ५.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, हायड्रोजनला १३.६ आणि हेलियमला २४.६ लागते. पातळ्या कशा भरतात याचा पाउलीचा नियम १९२५ चा. साहांनी प्रयोगात मोजलेल्या ऊर्जांवरच काम भागवले. हा निबंध १९२० मध्ये प्रसिद्ध झाला. तो त्यांनी युरोपात जाण्यापूर्वी कलकत्त्यातच लिहिला होता, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

सूर्याच्या तुलनेने थंड डागांत रुबिडियमच्या रेषा सापडतील, हे त्यांचे भाकीतही खरे ठरले. १९२५ मध्ये सेसिलिया पेन या तरुण संशोधिकेने याच सूत्राच्या आधारे तारे मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियमचे आहेत असे दाखवले. आपल्या मावळात पावसाचे चार महिने तारे दिसत नाहीत. हिवाळ्यात मात्र मृग नक्षत्र वर येते, तेव्हा मुलांना तांबूस काक्षी आणि निळसर राजन्य अवश्य दाखवावेत. दोघांच्या वर्णपटांत एवढा फरक का, हे साहांमुळे कळले.

१९२७ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले आणि १९३४ मध्ये मुंबईला भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसचे अध्यक्ष. पुढे त्यांचे लक्ष नद्या, वीज आणि नियोजनाकडे वळले. १९४३ च्या दामोदर महापुरानंतर नेमलेल्या चौकशी समितीत ते होते. त्याच काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रमखाते सांभाळणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर दामोदर खोरे योजना पुढे नेत होते. ताटाचा अपमान सोसलेली ही दोन माणसे एकाच नदीला बांध घालण्याच्या कामी लागली होती. आपल्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत याला एक ओळही मिळत नाही, याची मला खंत आहे.

१९५२ मध्ये साहा कलकत्त्याहून लोकसभेवर निवडून आले, आणि बाबासाहेब राज्यसभेत आले. प्रांतोप्रांतीची निरनिराळी पंचांगे तपासून देशासाठी एक शास्त्रशुद्ध दिनदर्शिका सुचवणाऱ्या समितीचे अध्यक्षपदही साहांकडे होते. १६ फेब्रुवारी १९५६ रोजी दिल्लीत नियोजन आयोगाच्या कार्यालयाकडे जात असताना हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. समितीने सुचवलेली राष्ट्रीय दिनदर्शिका २२ मार्च १९५७, म्हणजे १ चैत्र शके १८७९ रोजी लागू झाली.