गुरु गोविंदसिंह : आनंदपूर ते नांदेड

आपल्या ढाणकीच्या दक्षिणेस पैनगंगा वाहते. १९५६ सालापर्यंत ही नदी वऱ्हाड व हैदराबाद राज्य यांची सीमा होती. ती ओलांडून नैर्ऋत्येकडे गेलें म्हणजे गोदावरीच्या तीरीं नांदेड शहर लागतें. शीख पंथाचे दहावे गुरु गोविंदसिंह यांनीं याच शहरीं देह ठेविला. जन्म गंगातीरीं पाटण्यास, कर्तृत्व पंजाबांत आणि अखेर महाराष्ट्रांत, असें त्यांचें आयुष्य आहे. ज्या पुरुषाला स्वतःचें घरदार कोठेंही फार काळ टिकवितां आलें नाहीं, त्यानें एका समाजाला न पुसली जाणारी ओळख दिली. हें कसें घडलें, तें त्यांच्या चरित्रावरून पाहण्यासारखें आहे.

त्यांचें मूळ नांव गोविंदराय. जन्म १६६६ च्या डिसेंबरांत झाला. वडील गुरु तेगबहादूर हे पंथाचे नववे गुरु. मातेचें नांव गुजरी. गोविंदरायांना नऊ वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं, तोंच कुळावर पहिला घाला पडला. १६७५ सालीं पंडित कृपाराम यांच्याबरोबर कांहीं काश्मिरी ब्राह्मण पंजाबांत आनंदपूरला आले. बळानें धर्म बदलण्याची पाळी आपणांवर आली आहे, तरी रक्षण करावें, अशी त्यांची विनंती होती. आदिगुरु नानक यांनीं बालपणींच जानवें घालण्याचें नाकारलें, असें शीख परंपरा सांगते. त्याच नानकांच्या गादीवरील तेगबहादुरांनीं जानवें घालणाऱ्यांच्या श्रद्धेचें रक्षण करण्याचें पत्करलें. औरंगजेबाच्या आज्ञेनें त्याच वर्षीं नोव्हेंबरांत दिल्लीच्या चांदणी चौकांत त्यांचा शिरच्छेद झाला.

देह उचलण्याचें धैर्य फार थोड्यांना झालें. तेव्हां अस्पृश्य गणल्या गेलेल्या जातींतील भाई जैता यानें मस्तक लपवून आनंदपूरला नेलें. धड लखी शाह वणजारा या बंजारा व्यापाऱ्यानें आपल्या घरीं नेलें आणि घरालाच आग लावून त्याला अग्नि दिला. त्या जागीं आज दिल्लींतील रकाबगंज गुरुद्वारा उभा आहे. ज्या समाजाचे तांडे आपल्या जिल्ह्यांत ठिकठिकाणीं आहेत, त्याच समाजाचा हा पुरुष होता, हें आपणां यवतमाळकरांनीं विसरूं नये. त्या दिवशीं दिल्लींत शीख मुळींच नव्हते असें नाहीं. परंतु गर्दींत ते कोणास ओळखूं आले नाहींत, आणि कित्येकांनीं भयानें आपला पंथ लपविला, असें सांगतात. ही गोष्ट बालगुरूंच्या मनाला लागून राहिली.

पुढें यमुनेच्या कांठीं पाँवटा येथें त्यांचीं कांहीं वर्षें विद्याभ्यास, काव्यरचना व शस्त्राभ्यास यांत गेलीं. १६८८ सालीं भंगाणी येथें पहाडी राजांशीं त्यांची पहिली मोठी लढाई झाली. हे राजे हिंदु होते. उलट पीर बुद्धू शाह हा मुसलमान साधु आपले पुत्र व अनुयायी घेऊन गुरूंच्या साहाय्यास धांवून आला, व त्याचे पुत्र रणांत पडले. म्हणून या चरित्राकडे केवळ दोन धर्मांचें युद्ध म्हणून पाहणें योग्य होणार नाहीं.

१६९९ च्या वैशाखीस आनंदपुरीं मोठा मेळा भरला. गुरूंनीं हातीं तलवार घेऊन मस्तक अर्पण करणारा कोण आहे, असा प्रश्न केला, आणि एकामागून एक पांच जण उठले. लाहोरचा दयाराम खत्री, हस्तिनापूरचा धरमदास जाट, जगन्नाथपुरीचा हिंमतराय पाणक्या, द्वारकेचा मोहकमचंद छिपी आणि आपल्या दख्खनांतील बिदरचा साहिबचंद न्हावी, अशीं त्यांचीं नांवें परंपरेनें जतन केलीं आहेत. या पांचांना एकाच पात्रांतील अमृत पाजून गुरूंनीं खालसा पंथाची स्थापना केली. मग हात जोडून त्या पांचांकडून त्यांनीं स्वतः दीक्षा घेतली व ते गोविंदसिंह झाले. पुरुषांस सिंह आणि स्त्रियांस कौर हीं नांवें मिळालीं. केस, कंगवा, कडें, कृपाण व कच्छ हीं पांच चिन्हें ठरलीं. जातीची जुनी ओळख पुसून तेथें एक नवी, दुरूनही दिसणारी ओळख आली. दिल्लीच्या गर्दींत लपणें शक्य झालें होतें. यापुढें तें शक्य राहणार नव्हतें.

या निर्धाराची किंमत लवकरच द्यावी लागली. पहाडी राजे व मोगल सरदार यांनीं मिळून आनंदपुरास दीर्घ वेढा घातला. सुखरूप जाऊं देण्याच्या शपथा घेण्यांत आल्या. तेव्हां १६७५ नंतर सुमारें तीस वर्षांनीं, १७०४ च्या अखेरीस, गुरूंनीं तें नगर सोडलें. शपथा मोडून शत्रूनें पाठलाग केला, आणि पूर आलेल्या सिरसा नदीवर कुटुंबाची ताटातूट झाली. चमकौरच्या गढींत अजितसिंह व जुझारसिंह हे थोरले पुत्र पडले. बिदरचा साहिबसिंहही तेथेंच कामास आला. जोरावरसिंह व फतेहसिंह हीं धाकटीं मुलें सरहिंदचा सुभेदार वजीरखान याच्या हातीं सांपडलीं. धर्म सोडण्याचें नाकारल्यामुळें त्यांना भिंतींत चिणून मारण्यांत आलें, आणि त्या आघातानें वृद्ध माता गुजरीनेंही प्राण सोडला.

याच दुःखाच्या दिवसांत घडलेल्या दुसऱ्या दोन गोष्टी शिखांनीं तितक्याच काळजीनें जपल्या आहेत. माछीवाड्याच्या रानांत एकाकी पडलेल्या गुरूंना नबीखान व गनीखान या दोघां पठाणांनीं मुसलमान पीराचा वेष देऊन पालखींतून सुरक्षित बाहेर काढलें. आणि सरहिंदच्या दरबारांत मलेरकोटल्याचा नवाब शेर मुहंमदखान यानें बालकांच्या वधाविरुद्ध आपला आवाज उठविला. १९४७ सालीं फाळणीच्या आगींत सारा पंजाब जळत असतां मलेरकोटला शांत राहिला. त्या जुन्या उपकाराचें हें फळ, असें पंजाबांत मानतात.

निर्वासित स्थितींतच गुरूंनीं औरंगजेबास जफरनामा हें फारसी काव्यपत्र धाडून शपथभंगाबद्दल खडसाविलें. तलवंडी येथें मुक्काम असतां त्यांनीं आपल्या पित्याचीं पदें घालून ग्रंथसाहिब पूर्ण केला. १७०७ सालीं औरंगजेब अहमदनगरजवळ वारला. नवा बादशहा बहादूरशाह दक्षिणेस निघाला, तेव्हां गुरुही त्याच मार्गानें येऊन १७०८ सालीं नांदेडास पोहोंचले. येथें माधोदास बैरागी त्यांचा शिष्य झाला. तोच पुढें बंदासिंह बहादूर म्हणून प्रसिद्धीस आला. येथेंच एका पठाणानें गुरूंवर कट्यारीनें वार केला. त्या जखमेनें ७ ऑक्टोबर १७०८ रोजीं, वयाच्या अवघ्या एकेचाळिसाव्या वर्षीं, त्यांचें देहावसान झालें.

चारही पुत्र गेले होते, आनंदपूर हातचें गेलें होतें. अशा वेळीं गुरूंनीं आपल्यामागें कोणा मनुष्यास गादीवर बसविलें नाहीं. यापुढें ग्रंथ हाच गुरु, अशी आज्ञा केली. मनुष्याला मारतां येतें व नगर जिंकतां येतें. ग्रंथ मात्र परागंदा झालेल्या माणसाबरोबर कोठेंही जाऊं शकतो. त्या ग्रंथांत आपल्या नामदेवांचीं ६१ पदें आहेत, आणि नामदेवांचें जन्मगांव मानलें जाणारें नरसी हिंगोली जिल्ह्यांतच आहे. म्हणजे गुरु दख्खनांत येण्यापूर्वींच दख्खनची वाणी त्यांच्या पंथांत जाऊन बसली होती. महाराजा रणजितसिंह यांनीं १८३२ ते १८३७ या काळांत नांदेडचा गुरुद्वारा बांधविला. तेथें पिढ्यान्पिढ्या नांदणारे दख्खनी शीख आज मराठीही सहज बोलतात.

छळानें घडलेली ओळख धैर्य देते, तशीच ती संकटही ओढवून घेते. १९८४ च्या नोव्हेंबरांत दिल्लींत केस व पगडी पाहूनच निरपराध शिखांची हत्या झाली. आपली पैनगंगाही अशा दुःखाची साक्षी आहे. १९४७-४८ मध्यें रझाकारांच्या भयानें मराठवाड्यांतील कुटुंबें ती ओलांडून वऱ्हाडांत आलीं. आणि १९४८ च्या सप्टेंबरांतील पोलीस कारवाईनंतर त्याच मराठवाड्यांत कित्येक निरपराध मुसलमान कुटुंबांची धूळधाण झाली. ज्याला छळ सोसावा लागला, त्याच्यापुढें सूडाचा मार्ग नेहमींच मोकळा असतो. गुरु गोविंदसिंहांनीं शस्त्र उचललें. परंतु आपलीं मुलें मारणाऱ्यांची आठवण ठेवतांना, आपणांस पालखींतून वाहून नेणाऱ्यांचीं नांवें त्यांच्या पंथानें विसरलीं नाहींत. विद्यार्थिमित्रांनो, नांदेडास जाण्याचा योग आला म्हणजे तेथें नबीखान व गनीखान यांचेंही स्मरण करा.