सांकेतिक लिपी आणि वाङ्मयेतिहास : विनायक लक्ष्मण भावे यांचे कार्य

अर्थ झाकून ठेवणे आणि तो शोधण्यास वाचकाला प्रवृत्त करणे, ही प्रवृत्ती भारतीय वाङ्मयात प्राचीन आहे. दंडीने ‘काव्यादर्शा’त प्रहेलिकांचे सोळा प्रकार गणले आहेत, मराठीतील कूटे, उखाणे आणि श्लेषप्रचुर पंडिती रचना याच परंपरेतील होत. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात इंग्लंडमध्ये रूढ होऊ लागलेले गूढार्थी शब्दकोडे हे त्याच वृत्तीचे अर्वाचीन रूप म्हणता येईल. तथापि कोडे आणि गुप्तलेखन यांत एक मूलभूत भेद आहे. कोडे रचणारा वाचकाची दिशाभूल करतो, पण उत्तराकडे जाणारी वाट मोकळी ठेवतो; गुप्तलेखन करणाऱ्याला परक्या वाचकासाठी अशी वाट ठेवायचीच नसते. ही बंद वाट उघडण्याचा मराठी वाङ्मयेतिहासावर कोणता परिणाम झाला, हे ठाण्याच्या विनायक लक्ष्मण भावे (1871–1926) यांच्या चरित्रावरून स्पष्ट होते.

भावे हे विज्ञानाचे पदवीधर. मिठागरांचा व्यवसाय हे त्यांच्या चरितार्थाचे साधन होते. कोणत्याही महाविद्यालयाच्या मराठी विभागाचे पाठबळ नसताना त्यांनी आपले संशोधन केले. ठाणे परिसरात वाचनसंस्थांची परंपरा तत्पूर्वीची होती. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय 1864 मध्ये स्थापन झाले होते. परंतु मराठी ग्रंथांचा पद्धतशीर संग्रह करणे हे उद्दिष्ट नावातच धारण करणारे मराठी ग्रंथसंग्रहालय ठाणे येथे 1893 मध्ये स्थापन झाले. विष्णु भास्कर पटवर्धन यांच्यासमवेत त्याच्या संस्थापकांत भावे होते. त्या वेळी त्यांचे वय अवघे बावीस वर्षांच्या आसपास होते. ग्रंथ आधी मिळवावा, जपावा आणि मग त्याविषयी बोलावे, हा त्यांच्या पुढील सर्व कार्याचा क्रम येथेच दिसून येतो.

प्राचीन मराठी वाङ्मयाविषयीचे त्यांचे लेखन 1898-99 च्या सुमारास ‘ग्रंथमाले’तून प्रसिद्ध झाले. ‘महाराष्ट्र सारस्वत’ या ग्रंथाचे ते आद्य रूप होय. 1903 मध्ये त्यांनी ‘महाराष्ट्र कवि’ हे मासिक सुरू केले आणि जुन्या कवींच्या अप्रकाशित रचना वाचकांपुढे आणल्या. पुढे संताजी तेली जगनाडे यांच्या वह्यांच्या आधारे त्यांनी तुकोबांच्या अभंगांची गाथाही सिद्ध केली. या सर्व उद्योगामागे मूळ हस्तलिखिताकडे जाण्याची एकच निष्ठा होती.

महानुभावांच्या पोथ्यांनी मात्र या निष्ठेची कठीण परीक्षा पाहिली. पोथी हाती आली तरी ती वाचता येत नव्हती. चौदाव्या शतकापासून पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले होते. त्यांपैकी सकळ लिपीचे कर्तृत्व ‘सह्याद्रिवर्णन’कार रवळोव्यासांकडे दिले जाते. अशा लिपीत एका वर्णाच्या जागी दुसरा वर्ण वा चिन्ह योजलेले असते. उलगडा करणाऱ्यास आधार असतो तो भाषेच्या अंगभूत नियमांचाच : वारंवार येणारे वर्ण, विभक्तिप्रत्ययांची पुनरावृत्ती, ओवीच्या चरणान्तीची यमके, पुन्हा पुन्हा येणारी विशेषनामे. या लिप्यांच्या उलगड्याशी वि. का. राजवाडे आणि भावे या दोघांचीही नावे जोडलेली आहेत.

लिपी उलगडली म्हणजे ग्रंथ उलगडला असे मात्र नव्हे. वर्णांचा पडदा दूर झाल्यावर तेराव्या-चौदाव्या शतकांतील अपरिचित शब्द, पंथीय परिभाषा आणि कवींचे अलंकारिक शब्दविलास यांचा दुसरा पडदा उरतोच. पहिल्यासाठी किल्ली पुरते, दुसऱ्यासाठी व्यासंग लागतो. दामोदर पंडिताचे ‘वच्छाहरण’ आणि भास्करभट्ट बोरीकरांचा ‘शिशुपाळवध’ ही काव्ये आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत संपादित करताना भावे यांनी हा दुसरा पडदाही दूर करण्याचा प्रयत्न केला.

भावे यांचा खरा मोठेपणा उलगड्यानंतरच्या वर्तनात आहे. नव्याने वाचता आलेल्या ग्रंथांमुळे मराठीच्या आरंभकाळाचे प्रचलित चित्र अपुरे ठरत होते आणि त्या चित्रात त्यांच्या स्वतःच्या लेखनाचाही वाटा होता. त्यांनी आपली मांडणी राखण्याऐवजी ती बदलली. 1919 च्या वाढविलेल्या ‘महाराष्ट्र सारस्वता’त महानुभाव वाङ्मयाला स्थान मिळाले.

पंथाच्या गुप्ततेकडे केवळ अडथळा म्हणून पाहणे न्याय्य ठरणार नाही. तिनेच या ग्रंथांना परक्यांच्या हस्तक्षेपापासून दूर ठेवले. पण त्याचे मोलही मोठे होते. म्हाइंभटांच्या ‘लीळाचरित्रा’सारखा आद्य मराठी गद्यग्रंथ कित्येक शतके पंथाबाहेरील मराठी वाचकांच्या स्मरणात नव्हता. तो ह. ना. नेने यांनी 1936-37 च्या सुमारास मुद्रित रूपात आणला, तेव्हा भावे हयात नव्हते. शं. गो. तुळपुळे यांनी 1951 मध्ये ‘महाराष्ट्र सारस्वता’ला पुरवणी जोडली, ती याच वाढत गेलेल्या ज्ञानाची साक्ष होय. कोड्याचे उत्तर सापडले की खेळ संपतो. भावे यांनी हाती घेतलेल्या उकलीतून मात्र मराठी वाङ्मयेतिहासाच्या आरंभाचे प्रकरण पुन्हा लिहिणे क्रमप्राप्त झाले.