माथियास झ्दार्स्की : स्कीवरचे पाऊल

बर्फावर घसरणाऱ्या लांब पट्टीवर, म्हणजे स्कीवर, पाय नेमका कुठे आणि कसा बांधायचा, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. पण वळता येणे, थांबता येणे आणि हाडे शाबूत राहणे हे सारे त्यावर अवलंबून असते. या प्रश्नामागे आयुष्याची अनेक वर्षे घालवणारे माथियास झ्दार्स्की आल्प्समधील स्कीइंगचे जनक मानले जातात.

त्यांचा जन्म २५ फेब्रुवारी १८५६ रोजी मोराविया प्रांतात झाला. हा प्रांत तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता. आज तो चेक प्रजासत्ताकात आहे. शिक्षकी पेशा, चित्रकला आणि शिल्पकला यांत काही काळ घालवल्यावर ते व्हिएन्नाच्या नैर्ऋत्येला लिलिएनफेल्डजवळच्या डोंगरातील एका शेतावर राहू लागले. फ्रित्यॉफ नान्सेन यांनी १८८८ मध्ये स्कीवरून ग्रीनलंड ओलांडले होते. तो वृत्तान्त वाचून झ्दार्स्कींनी नॉर्वेहून स्की मागवल्या.

त्या जवळपास तीन मीटर लांब होत्या. नॉर्वेच्या मोकळ्या, कमी चढाच्या प्रदेशात त्या सोयीच्या होत्या. आल्प्सच्या तीव्र उतारावर मात्र वळवता येईनात. बूट चामड्याच्या आणि वेताच्या पट्ट्यांनी अडकवलेला असे. टाच डावी-उजवीकडे हाले, त्यामुळे पायाने दिलेला जोर स्कीपर्यंत पुरता पोहोचत नसे.

झ्दार्स्कींनी दोन बदल केले. त्यांनी स्की बऱ्याच आखूड केल्या. पावलाच्या पुढे-मागे पसरलेली लांबी जितकी कमी, तितका स्की फिरवायला जोर कमी लागतो. दुसरे म्हणजे, त्यांनी बुटाखाली पोलादी पट्टी बसवली. बोटांच्या पुढे तिला बिजागरी आणि स्प्रिंग होती. त्यामुळे चढताना टाच उचलता येई, पण पाऊल बाजूला सरकत नसे. ही बांधणी, म्हणजेच ‘बाइंडिंग’, लिलिएनफेल्डच्या नावाने ओळखली गेली. १८९०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी आपल्या तंत्रावर पुस्तकही प्रसिद्ध केले. एकच लांब काठी हाती घेऊन ते वळणे घेत उतरत आणि तेच इतरांना शिकवत. १९ मार्च १९०५ रोजी त्यांनी मुकेनकोगेल डोंगरावर ८५ फाटकांची शर्यत घेतली. तीत २४ जण उतरले होते. आजच्या स्लालम शर्यतींचा उगम अनेक जण तिथे मानतात.

पहिल्या महायुद्धात ते सैनिकांना डोंगरातील हालचालींचे प्रशिक्षण देत. १९१६ मध्ये, वयाच्या साठीत, ते हिमकड्याखाली सापडले. शरीरात सुमारे ८० ठिकाणी हाडे मोडली किंवा सांधे निखळले. तरीही व्यायामाच्या जोरावर ते सावरले आणि पुन्हा स्कीवर उभे राहिले. २० जून १९४० रोजी त्यांचे निधन झाले.

पाय घट्ट धरण्याचा प्रश्न सुटला, पण त्यातून नवा धोका पुढे आला. पडताना लांब स्की तरफेसारखी काम करते. बाइंडिंग सुटले नाही, तर तिचा पीळ थेट नडगीच्या हाडावर आणि गुडघ्यावर येतो. ठरावीक जोर पडताच बूट मोकळा करणारी बाइंडिंग १९३०च्या दशकाच्या अखेरीस आली. आज तो जोर वजन, उंची, वय, कौशल्य आणि बुटाच्या तळाची लांबी पाहून ठरवतात.

जागेचे गणित मात्र तेव्हाचेच आहे. बाइंडिंग पुढे बसवले, तर स्की चटकन वळते, पण भुसभुशीत बर्फात तिचे टोक रुतू शकते. मागे बसवले, तर टोक वर तरंगते आणि सरळ वेगात स्थैर्य मिळते, पण वळवायला कष्ट पडतात. म्हणूनच उतारावरच्या स्कीवर कारखान्यातच खूण केलेली असते. बुटाच्या मध्यावरची रेघ त्या खुणेशी जुळवूनच भोके पाडतात. भोके चुकीच्या जागी पडली, तर ती बुजवून नवी पाडावी लागतात आणि स्की कमकुवत होऊ शकते. त्यामुळे भाड्याने किंवा विकत स्की घेताना बाइंडिंगची जागा आणि जोर हे दोन्ही जाणकाराकडून तपासून घेणे हाडांच्या हिताचे असते.