कच्चं मडकं आणि संतांचा संग

वारकरी एकटा चालत नाही, मेळ्यानं चालतो. पंढरपूर तर एसटीनंही गाठता येतं. मग शंभर वर्षं आपली दिंडी मेळ्यानंच का चालली? आम्हाला याचं उत्तर नामदेवरायांच्या चरित्रात सापडतं.

नामदेवरायांचा जन्म १२७० सालचा. घर शिंप्याचं. वडील दामाशेटी, आई गोणाई. विठ्ठलाची भक्ती घरातच होती. बाळ नामदेवानं नैवेद्य नेला आणि देव जेवल्याशिवाय देवळातून हलला नाही, ही कथा आपण आजीच्या मांडीवर ऐकली आहे. देव प्रत्यक्ष जेवतो, बोलतो, मग आणखी काय पाहिजे? पण या लाडातच थोडा ताठा शिरला होता, आणि तो दाखवून देणारं जवळ कुणी नव्हतं.

पुढे निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई ही भावंडं भेटली. एकदा संत जमले असता मुक्ताईनं गोरोबाकाकांना मडकी पारखायला सांगितलं. काकांनी थापटणं उचललं आणि एकेकाच्या डोक्यावर मारत गेले. सगळे निमूट बसले. नामदेवराय मात्र रागावले. काकांनी निवाडा दिला, की एवढं मडकं कच्चं आहे.

नामदेवराय रडत विठ्ठलाकडे गेले. देवानंही संतांचीच बाजू घेतली आणि गुरू करायला सांगितलं. ते औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले. विसोबा पिंडीवर पाय ठेवून पडलेले. पाय हलवावेत तिथे पिंड दिसू लागली, तेव्हा देव सगळीकडे आहे हे नामदेवरायांना उमगलं.

विचार करा मंडळी, त्या दिवशी रुसून त्यांनी हा मेळाच सोडला असता तर? कौतुक करणारे पुष्कळ मिळाले असते. पण ज्यांनी कच्चं म्हटलं त्यांच्याकडेच ते परत आले. ज्ञानदेवांबरोबर तीर्थं फिरले. १२९६ साली आळंदीला माउलींनी समाधी घेतली, तेव्हाही ते जवळ होते. पुढे पंजाबात घुमानपर्यंत नाम पोचवलं. त्यांची ६१ पदं शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत.

असा पक्का झालेला माणूस मग दुसऱ्यांचा संग झाला. गंगाखेडहून आलेली जनाबाई त्यांच्या घरी दळता-कांडता संत झाली. ज्या चोखोबांना देवळात पाऊल टाकू देत नव्हते, त्यांना नामदेवरायांनी आपलं म्हटलं. १३३८ साली मंगळवेढ्याला गावकूस कोसळून चोखोबा गेले. तेव्हा नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वारासमोर समाधी बांधली. स्वतःसाठी त्यांनी पायरीची जागा मागितली, भक्तांचे पाय लागावेत म्हणून.

आपल्या दिंडीतही एखादा जुना विणेकरी चुकलेला ताल दाखवतो, कुणी माळ घालूनही न सुटलेल्या व्यसनाबद्दल टोकतो, आणि आपण फुगून दुसऱ्या दिंडीत जायची भाषा करतो. त्या वेळी गोरोबाकाकांचं थापटणं आठवावं. आणि मागे राहिलेल्याला, कुणी जवळ न केलेल्याला ओळीत घेताना चोखोबा आठवावेत. असा संग एकमेकांना दिला, तरच पुढची शंभर वर्षं चालल्याचं सार्थक. रामकृष्णहरी.